विषय सापडला, प्रश्न सापडला का?

पीएच.डी.विषयी कोल्हापूर, सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांना या अंकात उत्तरं देत आहोत. नियमांचा आधार विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांचा आहे. फॉर्मच्या तारखा, शुल्क आणि रिक्त जागा प्रत्येक विद्यापीठ स्वतः जाहीर करतं, त्यामुळे त्या तिथेच पाहाव्यात.

प्रश्न : माझं एम.कॉम. झालंय, ५७ टक्के. एका पतसंस्थेत नोकरी करतो. वय ४१. नोकरी सांभाळून पीएच.डी. होईल का? वय आड येईल का? – एक वाचक, कागल

वय आड येत नाही. पीएच.डी.च्या प्रवेशाला कमाल वयाची अट नाही. वयाचा प्रश्न येतो तो जेआरएफ म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसाठी (सध्या दरमहा ३७,००० रुपये, पुढे वरिष्ठ झाल्यावर ४२,०००), पण ती पूर्णवेळ संशोधकांसाठी असते. तुमचा मार्ग अर्धवेळचा आहे. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के लागतात, ते तुमच्याकडे आहेत. राखीव प्रवर्ग, आर्थिक दुर्बल घटक आणि दिव्यांग उमेदवारांना ५ टक्के सवलत मिळते.

प्रवेशाचे दोन दरवाजे आहेत. एक नेटचा, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा. २०२४-२५ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो. ज्यांना जेआरएफ मिळत नाही, पण जे पीएच.डी.साठी पात्र ठरतात, त्यांचे गुण प्रवेशासाठी एक वर्ष चालतात. त्यात नेटला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो. दुसरा दरवाजा विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेचा, जिथे विद्यापीठ ती घेत असेल तिथे. तिच्यात निम्मे प्रश्न विषयाचे आणि निम्मे संशोधन पद्धतीचे असतात, आणि पात्र व्हायला ५० टक्के लागतात. नोकरदार उमेदवार विषयाची पुस्तकं पुन्हा काढतो आणि संशोधन पद्धती शेवटच्या आठवड्यावर ढकलतो. म्हणजे निम्मी परीक्षा न वाचताच दिल्यासारखं होतं. चल, परिकल्पना, नमुना निवड, मापनाच्या श्रेणी, टी-चाचणी आणि काय-वर्ग (काय-स्क्वेअर) चाचणी एवढं आधी पक्कं करा.

अर्धवेळ प्रवेशाला संस्थेचा ना हरकत दाखला लागतो आणि घोळ होतो तो इथेच. ‘आमची हरकत नाही’ अशी एका ओळीची चिठ्ठी पुरत नाही. दाखल्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात : तुम्हाला अर्धवेळ संशोधनाची परवानगी आहे, तुमच्या कामाचं स्वरूप पाहता संशोधनाला पुरेसा वेळ देता येईल, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी (पीएच.डी.च्या सुरुवातीच्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी) तुम्हाला कामातून मोकळं केलं जाईल. पतसंस्थेत हा विषय संचालक मंडळाच्या सभेत जावा लागतो. फॉर्म निघाल्यावर धावपळ करण्यापेक्षा ठराव आधीच करून ठेवा.

अर्धवेळ म्हणजे काम अर्धं नव्हे. आठवड्याला बारा-पंधरा तास सलग काही वर्षं काढता येणार असतील तरच उतरा. आणि ‘घरबसल्या ऑनलाइन पीएच.डी.’च्या जाहिरातींकडे लक्ष देऊ नका. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. चालवायला विनियमांत परवानगीच नाही.

प्रश्न : एम.ए. अर्थशास्त्र. ‘कोल्हापूर जिल्ह्यातील गूळ उद्योगाचा अभ्यास’ हा विषय घेतला आहे. मार्गदर्शक म्हणतात, फार पसरट आहे, पण नेमकं काय करू ते कळत नाही. – एक वाचक, गारगोटी

तुमच्या सरांचं बरोबर आहे. तुमच्याकडे विषय आहे, पण अजून प्रश्न नाही. ‘गूळ उद्योगाचा अभ्यास’ या मथळ्याखाली उसाच्या जातींपासून निर्यातीपर्यंत काहीही बसतं, आणि काहीही बसतं म्हणून प्रबंध कुठेच संपत नाही. प्रश्नचिन्हाने संपणारं एक वाक्य लिहून पाहा. उदाहरणार्थ : करवीर आणि पन्हाळा तालुक्यांत २०१० नंतर बंद पडलेली गुऱ्हाळं आणि आजही चालू असलेली गुऱ्हाळं यांच्यात फरक कशाचा?

या एका वाक्याने बरंच काही ठरून जातं. तालुके ठरले, काळ ठरला, आणि सगळ्यात मोठी चूक टळली. नेहमी काय होतं, तर संशोधक चालू गुऱ्हाळांवर जातो, अडचणी विचारतो आणि शेवटी ‘मजूर मिळत नाहीत म्हणून गुऱ्हाळं बंद पडतात’ असा निष्कर्ष काढतो. पण मजुरांची अडचण सांगणारं ते गुऱ्हाळ तर चालू आहे! बंद का पडलं हे कळायला बंद पडलेल्यांकडेही जावं लागतं, दोन्ही गटांना तेच प्रश्न विचारावे लागतात आणि मग उत्तरं शेजारी ठेवावी लागतात. गुळव्या (गूळ तयार करणारा कारागीर) घरचा की बाहेरून आणलेला, मजुरांना उचल किती दिली आणि त्यातली बुडाली किती, ऊस स्वतःचा की शेजाऱ्यांचा, जळणाला चिपाड पुरतं का, माल अडत्याकडे जातो की थेट गिऱ्हाइकाला. फरक निघायचा तर अशाच ठिकाणी निघेल.

प्रश्न ठरल्यावर तो आधी कुणी सोडवलाय का ते पाहा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’वर देशभरातले प्रबंध मोफत वाचायला मिळतात. वाचताना शेवटचं प्रकरण आधी काढा. पुढच्या संशोधनाला कुठे वाव आहे ते तिथे लिहिलेलं असतं. संशोधनाचे मंजूर आराखडे ‘शोधगंगोत्री’वर असतात, म्हणजे सध्या कोण काय करतंय याचा अंदाज येतो.

आता नमुना. ‘३८४’ हा आकडा तुम्ही अनेक प्रबंधांत पाहाल. ९५ टक्के विश्वास पातळी आणि ५ टक्के त्रुटी धरली की मोठ्या समष्टीसाठी (ज्यांचा अभ्यास करायचा त्या सगळ्यांच्या गटासाठी) तो येतो. तुमची समष्टी लहान आहे. समजा दोन तालुक्यांत चालू आणि बंद मिळून ३०० गुऱ्हाळं निघाली, तर ३८४ ला (१ + ३८३ ÷ ३००) म्हणजे २.२८ ने भागायचं. उत्तर येतं १६९. काही जण बोलणार नाहीत, काही मालक गाव सोडून गेलेले असतील, म्हणून २०० नावं काढा. पण नावं काढायला आधी यादी हवी, आणि सगळ्यात जास्त मेहनत तिथेच आहे. ग्रामपंचायतीची नोंद, तलाठी, मार्केट यार्डातले अडते आणि गावातले जुने गुळवे अशा चारही ठिकाणांहून यादी जुळवा. ओळखीच्या वीस मालकांकडून पुढची नावं घेतली आणि प्रबंधात ‘यादृच्छिक नमुना’ लिहिलं, तर व्हायवामध्ये (शेवटच्या तोंडी परीक्षेत) पहिलाच प्रश्न येईल, ‘यादी दाखवा.’ ओळखीतून नमुना घेतला असेल तर तसंच लिहा. ती पद्धतही मान्य आहे, फक्त तिच्यावरून सगळ्या जिल्ह्याबद्दल बोलता येत नाही.

प्रश्नावलीत भाषा गुऱ्हाळाची हवी. ‘आपले दैनंदिन उत्पादन किती क्विंटल?’ असं विचारलंत तर मालक अंदाजाने काहीतरी आकडा सांगेल, कारण तो क्विंटलात मोजतच नाही. तो आदणं मोजतो, म्हणजे कढईत किती वेळा रस आटवला ते. दिवसाला किती आदणं निघतात, एका आदणात किती रवे (गुळाच्या ढेपा), रवा किती किलोचा, असे तीन छोटे प्रश्न विचारा. ४ आदणं, १८ रवे, १० किलोचा रवा, म्हणजे ७२० किलो. गुणाकार तुम्ही घरी करा. दराचंही तसंच. ‘सरासरी दर’ विचारू नका, अडत्याची पट्टी दाखवायला सांगा. तिच्यावर वजन, दर, अडत, हमाली आणि तोलाई सगळं असतं. दहा पट्ट्यांचे फोटो हे शंभर अंदाजांपेक्षा भक्कम पुरावे आहेत. फोटो काढण्याआधी परवानगी घ्या आणि प्रबंधात नावं झाका.

नमुन्याबाहेरच्या वीस-पंचवीस मालकांवर प्रश्नावली आधी चालवून पाहा. क्रॉनबॅक अल्फा (प्रश्नावली किती विश्वसनीय आहे याचं माप) ०.७ च्या वर आला पाहिजे असं तुम्हाला सांगितलं जाईल. तो ‘पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत’ अशा मतांच्या श्रेणीसाठी असतो. आदणांची संख्या आणि उचलीची रक्कम यांना तो लावायचा नाही.

आणि हंगाम विसरू नका. गुऱ्हाळं साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेटतात आणि मार्च-एप्रिलात थंडावतात. आराखड्याला मान्यता फेब्रुवारीत मिळाली आणि प्रश्नावली त्यानंतर बनवायला घेतलीत, तर पुढचं काम थेट दिवाळीच्या सुमारास. पावसाळ्यात कोर्सवर्क आणि यादी, सप्टेंबरात चाचणी प्रश्नावली, हंगामात चालू गुऱ्हाळं, उन्हाळ्यात बंद पडलेली, असं बसवलं तर एका वर्षात सगळी माहिती हाती येते.

प्रश्न : नोंदणी झाली. पहिल्या वर्षी नेमकं काय करायचं असतं? – एक वाचक, इचलकरंजी

कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचं (क्रेडिटचं) असतं. त्यात संशोधन पद्धती आणि संशोधन व प्रकाशन नैतिकता हे सक्तीचे, आणि किमान ५५ टक्के लागतात. ते पूर्ण झाल्याशिवाय प्रबंध सादर करता येत नाही. दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. हे अहवाल वेळच्या वेळी द्या आणि प्रत्येकाची पोच जपा. प्रबंध सादर करताना मधला एखादा अहवाल फाइलमध्ये सापडला नाही की महिनाभर त्यातच जातो. मथळ्यात बदल करायचा असेल तर तो लवकर करा. छापायच्या वेळी बदललेला एक शब्दसुद्धा पुन्हा समितीकडे न्यावा लागतो.

मार्गदर्शकांची निवृत्तीची तारीख विचारायला संकोच करू नका. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्या प्राध्यापकांना नवीन विद्यार्थी घेता येत नाही. प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ संशोधक, ही मर्यादा आहे.

प्रश्न : इतिहास विषय. राजर्षी शाहूंच्या काळातल्या प्राथमिक शिक्षणावर काम करायचं आहे. कागद मोडीत आहेत आणि मला मोडी येत नाही. दुसऱ्याकडून वाचून घेतलं तर चालेल का? – एक वाचक, कोल्हापूर

दोन-चार कागदांपुरतं चालेल, पूर्ण प्रबंधाला नाही. १९१७ मध्ये संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आलं, त्याचे जाहीर हुकूम आणि अहवाल छापील स्वरूपात मिळतात, आणि त्यांवर लिहूनही झालंय. नवं जे काही हाती लागेल ते खालच्या पातळीवरच्या कागदांत : शाळेसाठी दिलेली जागा, मास्तराचा पगार, दंडाच्या नोंदी, गावाची तक्रार. कुठला कागद कामाचा हे वाचणाऱ्यालाच कळतं. मोडी येणारा मित्र तुम्ही दाखवाल तेवढंच वाचेल, आणि न दाखवलेल्या कागदात काय होतं हे दोघांनाही कळणार नाही. कोर्सवर्कच्या काळात मोडीचा प्रमाणपत्र वर्ग करा आणि रोज एक पान लिप्यंतर करा. सहा महिन्यांत नेहमीचं कारकुनी हस्ताक्षर सुटायला लागतं.

कोल्हापूर पुराभिलेखागारात जाताना विद्यापीठाचं पत्र आणि मार्गदर्शकांची शिफारस घेऊन जा. कागद उघडलात की सगळ्यात आधी दप्तर, रुमाल (कागदांचं कापडात बांधलेलं गाठोडं) आणि कागदाचा क्रमांक वहीत लिहा, मग वाचा. घरी आल्यावर ‘हा कागद कुठल्या रुमालातला’ हे आठवत नाही आणि संदर्भाविना त्या कागदाचा प्रबंधात उपयोग नाही.

तारखा जपून काढा. महसुली कागदांत फसली सन, म्हणजे महसुलासाठी वापरलेली जुनी कालगणना, असतो. दख्खनी फसली वर्ष जूनमध्ये मृगाला सुरू होतं, म्हणून इसवी सन काढायला जून ते डिसेंबरच्या नोंदीला ५९० मिळवायचे आणि जानेवारी ते मेच्या नोंदीला ५९१. फसली १३२६ म्हणजे १९१६-१७. नुसतं ५९० धरून चाललात तर उन्हाळ्यातला प्रत्येक कागद एक वर्ष मागे जाईल, आणि १९१७ च्या हुकुमाआधी काय होतं व नंतर काय बदललं हाच तुमचा प्रश्न असेल तर सगळं विवेचन तिथेच कोसळेल.

प्रश्न : नोंदणीला पाच वर्षं झाली. मधे बाळंतपण झालं, आता मिस्टरांची बदली होतेय. नोंदणी रद्द होईल का? – एक वाचक, जयसिंगपूर

घाबरू नका. मूळ मुदत सहा वर्षांची आहे. पुनर्नोंदणी करून दोन वर्षं वाढतात आणि महिला संशोधकांना त्यावर आणखी दोन, म्हणजे जास्तीत जास्त दहा. मात्र हे नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनंतरच्या नोंदणीला; तुमची नोंदणी त्याआधीची असेल तर तेव्हाचे विनियम लागू होतात, म्हणून वाढीव मुदत किती ते विद्यापीठात विचारा. शिवाय संपूर्ण काळात एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा घेता येते. लग्नामुळे किंवा इतर कारणाने महिला संशोधकाला गाव बदलावं लागलं, तर संशोधनाची सामग्री दुसऱ्या विद्यापीठात नेण्याचीही सोय आहे. फक्त सहावं वर्ष संपायच्या आत पुनर्नोंदणीचा अर्ज करा, मुदत उलटल्यावर नव्हे.

प्रश्न : प्रबंध मराठीत आहे, विषय पतसंस्था. साम्य अहवालात (मजकूर इतर लेखनाशी किती जुळतो हे सॉफ्टवेअरने तपासून दिलेल्या अहवालात) २७ टक्के आलेत. मी कुणाचंही चोरलेलं नाही. आता काय करू? – एक वाचक, सांगली

आयोगाच्या वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही. १० ते ४० मध्ये सुधारित प्रबंध सहा महिन्यांच्या आत द्यावा लागतो. ४० ते ६० मध्ये एक वर्ष तो देताच येत नाही आणि ६० च्या वर नोंदणी रद्द होते. तुम्ही दुसऱ्या गटात आहात, आणि हे सुधारता येतं.

आधी एकूण टक्केवारी बाजूला ठेवून अहवाल रंगांनुसार वाचा. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि अवतरण चिन्हांत स्रोतासह दिलेले उतारे मोजणीतून वगळायचे असतात. ते वगळले आहेत का हे ग्रंथालयात विचारा. कायद्यांची कलमंही वगळता येतात. पतसंस्थांच्या प्रबंधात सहकार कायद्याचा मजकूर पानंच्या पानं असतो, तेव्हा तुमचे बरेचसे टक्के तिथलेच असण्याची शक्यता आहे.

उरलेलं साम्य बहुधा साच्यातल्या वाक्यांचं असतं. ‘सहकारी पतसंस्थांनी ग्रामीण भागातील जनतेला सावकाराच्या पाशातून मुक्त करण्याचे महत्त्वपूर्ण कार्य केले आहे’ हे वाक्य तुम्ही चोरलं नसेल, पण ते सगळ्यांचंच आहे. शब्द पुढे-मागे करून ते आपलं होत नाही. ते काढा आणि तिथे तुमच्या माहितीतलं वाक्य बसवा : ‘मुलाखत घेतलेल्या २१२ सभासदांपैकी ६१ जणांनी पतसंस्थेचं कर्ज सावकाराची बाकी फेडायला वापरलं.’ आकडे तुमचे घाला. असं वाक्य दुसऱ्या कुणाच्या प्रबंधात असूच शकत नाही. सॉफ्टवेअरपासून लपण्यासाठी प्रतिशब्द बदलत बसू नका, त्याने मराठी बिघडते आणि परीक्षकाच्या ते पहिल्या पानावरच लक्षात येतं. इंग्रजी पुस्तकातला उतारा भाषांतर करून स्रोताविना घातला असेल, तर तो अहवालात न दिसताही चोरीच ठरतो. तोही शोधून काढा.

मराठी प्रबंधांची एक वेगळी अडचण आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर सॉफ्टवेअरला वाचताच येत नाही. तुमच्या पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून कोऱ्या फाइलमध्ये चिकटवा. तिथे रोमन अक्षरांचा कचरा दिसला, तर तपासणीही त्या कचऱ्याचीच झाली आहे. युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या आणि नंतर रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’ असलेले शब्द मूळ पानाशी ताडून तपासा. रूपांतरात हेच तुटतात.

प्रश्न : प्रबंध सादर केल्यावर पुढे काय? ‘पेपर छापून देतो, व्हायवाचीही तयारी करून देतो’ असं सांगणारे लोक भेटतात, त्यांच्याकडून काही घ्यावं का? – एक वाचक, कराड

घेऊ नका. २०२२ च्या विनियमांनी प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापण्याची देशपातळीवरची सक्ती काढली आहे. तुमच्या विद्यापीठाची स्वतःची अट असेल तर ती नियमावलीत लेखी असते, ती वाचा. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकातला निबंध पुढे नोकरीच्या मुलाखतीत तुमच्याच विरोधात जातो. तो मागे घेता येत नाही आणि तुमच्या नावावर कायम राहतो. प्रबंध लिहून घेतला असेल तर व्हायवा संपायला दहा मिनिटंही लागत नाहीत. ‘हा तक्ता कसा काढला?’ एवढं विचारलं की पुरे होतं.

प्रबंध मार्गदर्शकांखेरीज किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो. दोघांनी अनुकूल अहवाल दिला की व्हायवा ठरते. एकाने नाकारला तर तो तिसऱ्याकडे जातो आणि त्यानेही नाकारला तर पदवी मिळत नाही. ‘दुरुस्त्यांसह मान्य’ असा अहवाल आला तर निराश होऊ नका. प्रत्येक सूचना एका स्तंभात आणि शेजारी पान क्रमांकासह केलेला बदल, असा तक्ता करून द्या. ‘सर्व सूचना अंतर्भूत केल्या’ एवढ्यावर परीक्षकाचं समाधान होत नाही.

व्हायवा खुली असते. संशोधक, प्राध्यापक, विद्यार्थी बसू शकतात. आधी दुसऱ्या संशोधकांच्या दोन-तीन व्हायवा ऐकून या. सादरीकरणात प्रकरणांचा सारांश सांगण्यात वेळ घालवू नका. प्रश्न काय होता, माहिती कशी मिळवली, काय सापडलं आणि कुठे कमी पडलो, एवढं वीस मिनिटांत मांडा. शेवटचा भाग स्वतःहून सांगितलात तर परीक्षकाचा सूर बदलतो. सादर केल्यापासून निकालापर्यंतची प्रक्रिया सहा महिन्यांत पूर्ण व्हावी असा नियम आहे, म्हणून तीन-चार महिन्यांनी विभागात विनम्रपणे चौकशी करायला हरकत नाही.

पदवी जाहीर होण्याआधी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत शोधगंगेसाठी जाते. व्हायवानंतर दुरुस्त केलेलीच फाइल दिली आहे ना, हे स्वतः उघडून पाहा. तात्पुरतं प्रमाणपत्र हातात आलं की काउंटर सोडण्याआधी तीन गोष्टी वाचा : नाव एम.ए.च्या प्रमाणपत्राप्रमाणे आहे का, मथळा मंजूर झालेलाच आहे का, आणि पदवी कोणत्या वर्षीच्या विनियमांनुसार दिली आहे याचा उल्लेख आहे का. नोकरीच्या छाननीत तो उल्लेख विचारला जातो, आणि चूक असेल तर त्याच दिवशी दुरुस्तीचा अर्ज देऊन पोच घ्या.